पेजेचं फुलपात्र

सुदुंबरे, ता. मावळ
२२ सप्टेंबर २०२४

चि. रतन यास,

अक्काचे अ. आ. व जय भीम. पत्रास कारण की, कालचा आपला फोन. पाव तास तू कार्ल्याहून कुजबुजत होतास आणि मी इकडून ओरडत होते. शेवटी सरूने फोन हिसकावून घेतला आणि नवऱ्याचं बोलणं नणंदेला, नणंदेचं नवऱ्याला सांगत बसली. बिचारीची चूल तेवढ्यात विझली म्हणे. तुझा आवाज गेला, माझे कान गेले, पण दोघांचे उजवे हात शाबूत आहेत. तेव्हा आजपासून पत्र. धम्मदीप म्हणतो, मोबाइलवर लिही. माझ्या लेकाला कोण सांगणार की त्या एवढ्याशा चौकोनात त्याच्या आईचं बोट मावत नाही.

पहिल्या तीन दिवसांचं तुला धड आठवत नाही, असं सरूकडून विचारलंस. क्रमाने लिहिते, मास्तरीण आहे. ११ ऑगस्टला, भर पावसात, अठ्ठावन्न वर्षांचा शहाणा माणूस गोठ्याच्या शेवाळलेल्या पत्र्यावर ताडपत्री टाकायला चढला. तिथून घसरलास तो डोक्यावर. वर स्वतः चालत घरात आलास, चहा मागितलास, आणि मान थोडी अवघडली आहे, शेकली की बरी होईल असं म्हणालास. अतुलने बापाचं ऐकलं नाही म्हणून आज मी हे पत्र लिहिते आहे. लोणावळ्याच्या दवाखान्यात फोटोत मणका तडकलेला दिसला. तिथला पोरसवदा डॉक्टर एवढ्यावर थांबला नाही. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्ताच्या नळ्या जातात, मणका तडकला की त्यांनाही इजा होऊ शकते, त्या तपासल्याशिवाय सोडणार नाही, असं त्याने सांगितलं. पुण्यात तपासलं तर डावी नळी आतून सोलवटलेली निघाली. मानेला पट्टा बांधला, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध लगेच सुरू केलं.

तरी तिसऱ्या दिवशी एक बारीक गुठळी सुटून मेंदूच्या मागच्या भागात गेलीच. सकाळी तुला उचकी लागली ती थांबेना. मग गरगरायला लागलं, आवाज बसला, आणि तोंडातली थुंकीसुद्धा गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, औषध आधीपासून चालू होतं म्हणून एवढ्यावर निभावलं, नाहीतर माणूस हाती लागला नसता. त्यानंतर तुझ्या छातीत कफ झाला आणि दिवस वाईट गेले. बाकी तुला ठाऊक आहे.

उत्तर लिही. अक्षर नीट काढ, मी मार्क देणार आहे. माया आहेच, ती पत्रागणिक एकेक ओंजळ वाढावी.

तुझी अक्का,
यशोधरा


कार्ले
३० सप्टेंबर २०२४

आदरणीय अक्कास,

स. जय भीम. वि. वि. पत्र पोचलं. पोस्टमन अंबाजीला वाटलं कुणाची तरी नोटीसच आली, म्हणून तो बिचारा चेहरा पाडून ओट्यावर आला. अक्काचं पत्र आहे म्हटल्यावर बसून चहा घेऊन गेला. मी त्याच्या बशीकडे बघत राहिलो.

पहिले तीन दिवस तू छान लिहिलेस. चौथ्या-पाचव्यावर मात्र पेन भरभर चालवलंस. असो.

माझे हाल ऐक. मेंदूतल्या त्या गुठळीने अंगाची विचित्र वाटणी केली आहे. डाव्या गालाला आणि उजव्या हातापायाला थंड-गरम कळत नाही. परवा आंघोळीला बसलो, उजवा पाय घमेल्यात ठेवला, म्हटलं पाणी बरं आहे. सरूने हात घातला आणि किंचाळली. आता आधी ती पाणी बघते, मग मी बसतो. एवढा थाट लग्नात पण झाला नव्हता. चालताना डावीकडे झोक जातो, पण अतुलच्या खांद्यावर हात ठेवून बांधापर्यंत जाऊन येतो.

खरं दुखणं तोंडाचं आहे. नाकातून पोटापर्यंत नळी आहे. सरू दिवसातून सहा वेळा मोठ्या पिचकारीने त्यातून दूध, डाळीचं पाणी, औषधं सोडते. पोट भरतं, तोंड उपाशी राहतं. मला वाईट वाटू नये म्हणून अतुल गोठ्यात बसून जेवतो, पण ठेच्याचा वास काही गोठ्यात बसत नाही.

कुसगावची अपेक्षा नावाची मुलगी गिळण्याचे व्यायाम शिकवायला येते. पंचविशीची असेल, पण दरारा तुझ्यासारखा. तिने मला माझी खरी अडचण समजावली. माझ्या घशाची डावी बाजू मेली आहे. अशा माणसाला घास गिळताना मान डावीकडे वळवायला शिकवतात. त्याने मेलेली बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. पण माझी तर मानच तडकलेली, वर आतली नळी सोललेली. गिळायचं तर मान वळव, आणि मान वळवायची तर सक्त मनाई. पट्टा निघणार ३ नोव्हेंबरनंतर. तोवर जिभेचे व्यायाम आणि थुंकी जोर लावून गिळणं. तीस वेळा, दिवसातून तीनदा.

मोठे डॉक्टर म्हणतात, नाकातली नळी किती दिवस ठेवणार, पोटाला भोक पाडून कायमची नळी बसवू. मी पट्टा निघेपर्यंत मुदत मागितली. १५ नोव्हेंबरची मिळाली आहे. तोवर गिळता आलं तर ठीक, नाहीतर भोक. अक्का, तोवर आपली इंद्रायणी कापून खळ्यावर येईल. नव्या तांदळाचं पहिलं जेवण आईच्या वेळेपासून आपण सगळे खळ्यावर बसून जेवतो. त्या दिवशी मी पिचकारीने जेवायचं? मला ते जमणार नाही. मला माझ्या तोंडाने जेवायचं आहे.

आता सौदा. मी रोज नव्वद वेळा थुंकी गिळीन. तू कानाचं यंत्र लावायचंस. धम्मदीप तीन वर्षं मागे लागला आहे, मला माहीत आहे.

सरूचा नमस्कार. मार्क किती ते कळव आणि माया करायचं सोडू नकोस.

तुझा,
रतन


सुदुंबरे
८ ऑक्टोबर २०२४

चि. रतन यास,

अ. आ. व जय भीम. अक्षराला दहापैकी सहा. ओळी डावीकडे उतरतात, चालण्यासारख्याच.

रतन, भोक पाडून घे. मी दोन दिवस विचार करून लिहिते आहे. पोटाच्या नळीने लोक वर्षानुवर्षं सुखाने जगतात, शर्टाखाली दिसतही नाही. नवा तांदूळ दर वर्षी येतो. घास वाट चुकून पुन्हा छातीत उतरला तर? नऊ दिवस तू श्वासाच्या यंत्रावर होतास. काचेतून तुझी छाती वर-खाली होताना मी मोजत उभी राहायचे. ते मला पुन्हा बघायचं नाही. मोठी बहीण सांगते आहे, वाद घालू नकोस.

कानाच्या यंत्राचं राहू दे. छत्तीस वर्षं शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकून पोरं उभी केली मी. आता कानात खुंटी घालून फिरणार नाही.

सरूला, अतुलला आशीर्वाद. रागावलास तरी चालेल, दुरावू नकोस.

अक्का


कार्ले
१७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय अक्कास,

स. जय भीम. काल तपासणी झाली. एक्सरेच्या यंत्रापुढे बसवून पांढरं औषध गिळायला लावतात आणि घशातून ते कुठे जातं ते पडद्यावर दिसतं. मला दिसलं. पांढरी रेघ घशापर्यंत आली, अडखळली, आणि थोडी सरळ श्वासाच्या वाटेला लागली. मला ठसकासुद्धा आला नाही. अपेक्षाने लगेच यंत्र बंद करवलं. नापास.

घरी येताना गाडीत सरूही म्हणाली, भोक पाडूनच घेऊ. सरूचं एक समजू शकतो, ती रोज पिचकारी धरते, थकली आहे. पण तू? लहानपणी मी पोहायला घाबरलो तर इंद्रायणीच्या डोहात ढकलणारी तू. शाळा सोडतो म्हणालो तर कान धरून वर्गात बसवणारी तू. आणि आता म्हणतेस, भोक पाडून घे, वाद घालू नकोस. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात माझी अक्का कुठे सापडली नाही.

व्यायाम चालू आहे. नव्वदचे एकशेवीस केले आहेत. १५ नोव्हेंबर अजून यायचा आहे.

रतन


सुदुंबरे
२२ ऑक्टोबर २०२४

चि. रतन,

आज मायना नीट लिहवत नाही. एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला तुझी अक्का म्हणवून घेता येणार नाही.

तू विचारलं नाहीस पण ओळखलंस, की पाचव्या दिवसाशी माझं पेन थबकलं. १५ ऑगस्ट, दुपारची वेळ. सरू औषधं आणायला खाली गेली होती. तुझ्या खाटेला पाटी लावली होती, तोंडाने अन्न-पाणी देऊ नये. उभ्या आयुष्यात पोरांना पाट्या वाचायला शिकवल्या, मी ती वाचली होती. तू डोळे उघडलेस आणि अंगठा ओठाला लावलास. माझ्या पिशवीत घरून आणलेली पेज होती, आईच्या स्टीलच्या फुलपात्रात. आपल्या घरात पेज कधी अन्नात धरली नाही, पाण्यातही नाही. तापाला पेज, बाळंतिणीला पेज, आजा गेला त्या सकाळी त्याच्याही ओठाला पेजच लावली होती. पाटी पेजेसाठी असेल असं माझ्या मनालाच शिवलं नाही. उलट तुला सोपी जावी म्हणून मी मुद्दाम पातळ केली होती. तीन चमचे दिले. तुला ठसका लागला नाही. मला वाटलं, छान गेली. मी फुलपात्र धुऊन पिशवीत ठेवलं.

संध्याकाळी ताप चढला. दुसऱ्या दिवशी तू श्वासाच्या यंत्रावर गेलास. पुढे दवाखान्यातली नर्स सरूला समजावत होती, की अशा रोग्याला पातळ सगळ्यात घातक, पाण्यासारखं ते सुळकन चुकीच्या वाटेला जातं, आणि घसा बधिर असला तर ठसकाही येत नाही. माझ्या समोरच बोलत होती, ओठ वाचून कळलं. मी मान हलवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या छातीत जे गेलं ते माझ्या हातून गेलं. म्हणून भोक पाड म्हणाले. तुझ्या तोंडाशी पुन्हा काही नेलेलं मला बघवणार नाही.

यशोधरा


कार्ले
२६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय अक्कास,

स. जय भीम. वि. वि. अंबाजीला मुद्दाम थांबवून हे त्याच्याच हाती देतो आहे, म्हणजे एक दिवस आधी पोचेल.

मला माहीत होतं. त्या पाच दिवसांतलं मला फार आठवत नाही, पण ती चव आठवते. मीठ जरा जास्त होतं. आणि अंगठा मीच ओठाला लावला होता, तू विचारलंही नव्हतंस. सरूलाही माहीत आहे. तिला तुझ्या पिशवीतलं ओलं फुलपात्र दिसलं होतं. तिने डॉक्टरांना त्याच संध्याकाळी सांगितलं, म्हणून तर त्यांनी छातीचा फोटो लगेच काढला. दोन महिने आम्ही नवरा-बायको तुला कळू नये म्हणून गप्प, आणि तू आम्हाला कळू नये म्हणून गप्प. शहाण्यांचं घर आपलं.

आता अक्का, रडून झालं असेल तर ऐक. शिक्षा देतो. कानाचं यंत्र. या आठवड्यात.

ता. क. तुझ्या त्या पत्राच्या अक्षराला दहापैकी तीन. सगळं शाईत भिजलं आहे.

तुझाच,
रतन


कार्ले
१६ नोव्हेंबर २०२४

अक्का, अक्का, अक्का,

जय भीम! आज मायन्याला रजा.

पट्टा ४ तारखेला निघाला. आधी डॉक्टरांनी पुन्हा मानेतली नळी तपासली. आतून सांधत आली आहे, रक्त सरळ वाहतं आहे. गोळी मात्र रोज घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. मणका जुळला. पट्टा निघाल्यावर मान एवढी हलकी झाली, की ती खांद्यावर आहे का ते हात लावून बघितलं.

मग अपेक्षाने मान वळवायला शिकवलं. पहिल्या दिवशी एवढीशी, दुसऱ्या दिवशी थोडी जास्त, डॉक्टरांनी आखून दिली तेवढीच. डावीकडे मान, हनुवटी खाली, जोर लावून गिळ. गिळून झालं की मोठ्याने काहीतरी बोल. आवाज स्वच्छ आला तर ठीक, भांड्यात पाणी गुरगुरल्यासारखा आला तर थांब, घशात काही अडलं आहे. काय बोलू ते तिने सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडातून अक्का निघालं. तेव्हापासून तेच ठरलं आहे. दिवसातून शंभर वेळा तुझ्या नावाने हाका मारतो, बसलेला आवाजही त्याने हळूहळू उघडतो आहे, शेजारी दत्तोबा विचारतो, बहिणीशी भांडण झालंय का.

काल १५ तारीख. तपासणी. यंत्रापुढे बसलो, मान वळवली, पांढरं औषध कालवलेला दाट घास गिळला. रेघ उजव्या बाजूने सरळ पोटाच्या वाटेला लागली. पुन्हा केलं, पुन्हा लागली. पाच वेळा! अपेक्षा टाळ्या वाजवायला लागली, मग मोठ्या डॉक्टरांकडे बघून तिने हात मागे घेतले. तेही हसत होते. पोटाचं भोक रद्द. आज सकाळी नाकातली नळी काढली. शिंक आली, अक्का! तीन महिन्यांत शिंकलो नव्हतो.

दाट चालेल, पातळ अजून नाही. डब्यातली पावडर घालून पाणी दाट करायला सांगतात, पण ती चव, काय सांगू. तर अपेक्षा भाताच्या घरची पोर. तिने आपली इंद्रायणी मऊ शिजवून, घोटून, चमचा उभा राहील एवढी चिकट पेज करून बघितली आणि पास केली. मी पाच चमचे खाल्ले. सरू पदर तोंडाला लावून आत पळाली. अतुल गोठ्यातून ताट घेऊन आला आणि माझ्याशेजारी बसून जेवला.

झोडणी चालू आहे. रविवारी, १ डिसेंबरला खळ्यावर नवा भात. तू ये. पहिला घास तुझ्या हातून.

रतन


सुदुंबरे
२१ नोव्हेंबर २०२४

चि. रतन यास,

अ. आ. व जय भीम. पत्र सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मला डोळ्यांनी दिसेना. नंतर मी शेजारीपाजारी पेढे वाटून आले.

यंत्र लावलं. मला वाटलं तेवढं वाईट दिसत नाही. आपल्या पंख्याचा एवढा आवाज होतो हे मला माहीतच नव्हतं.

१ तारखेला येईन. घास मात्र सरूच्या हातून घे. माझ्या हाताचा मला अजून भरवसा वाटत नाही. मी लांब, खळ्याच्या कडेला बसेन, तिथूनच पोट भरेल माझं.

तुझ्या हाका इथवर पोचतात, असाच मारत जा.

अक्का


कार्ले
२६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय अक्कास,

स. जय भीम. वि. वि. तुझं लांब बसणं नामंजूर. कारण सांगतो.

काल पातळाची तपासणी झाली. पांढरं पातळ औषध, पाण्यासारखं. मान डावीकडे, हनुवटी खाली, छोटा घोट. गेला! दहाच्या दहा घोट पोटात, छातीत एकही नाही. हळू प्यायचं, बसून प्यायचं, घाई नाही, एवढ्या अटीवर डॉक्टरांनी पातळ खुलं केलं.

तेव्हा रविवारी येताना ते फुलपात्र घेऊन ये. आईचं. त्यात नव्या तांदळाची पेज आण, पातळ, त्या दिवशी होती तशीच. मीठ जरा कमी. आणि बसायचं माझ्या डाव्या बाजूला. मला मान डावीकडे वळवल्याशिवाय गिळता येत नाही. तू तिकडे नसलीस तर मी बघू कुणाकडे?

तुझा,
रतन


सुदुंबरे
३ डिसेंबर २०२४

चि. रतन यास,

अनेक, अनेक आशीर्वाद व जय भीम. काल संध्याकाळी सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेला तांदूळ धम्मदीपने आल्या आल्या निवडायला घेतला. त्याला तांदूळ निवडायला कुणी शिकवलं, मला माहीत नाही.

परवा खळ्यावरच्या गर्दीत सांगायचं राहिलं, ते आज लिहिते. तुझ्या डावीकडे बसले, चमचा भरला आणि दोनदा तो परत फुलपात्रात ओतला. तू माझं मनगट धरलंस. मग मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलंस, हनुवटी खाली केलीस आणि चमचा तोंडात घेतलास. मी श्वास रोखून बसले. गेल्या वेळी मला काहीच ऐकू आलं नव्हतं, ठसकासुद्धा नाही, आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. या वेळी कानात यंत्र होतं. रतन, मला तुझा घुटका ऐकू आला. एवढासा आवाज, घशातून खाली गेलेला. अपेक्षा पलीकडे, आधी आवाज ऐकू द्या म्हणून, बोट वर करून उभी होती. आणि मग तू म्हणालास, अक्का. स्वच्छ. गुरगुर नाही, कुजबुज नाही, खळ्यावरची सगळी माणसं वळली. अतुलने सुपातले तांदूळ उधळले. सरू मला धरून रडत होती आणि मी सरूला. तू आपला मान वळवून पुढच्या चमच्याची वाट बघत बसला होतास, शाळेतल्या हावऱ्या पोरासारखा.

फुलपात्र रिकामं केलंस. दोन वेळा. मीठ बरोबर होतं असं तू म्हणालास, ते मी मनावर कोरून ठेवलं आहे.

तुझ्या मानेचा, नळीचा, गोळ्यांचा हिशेब पुढेही चालणार, ते मी जाणते. पत्र्यावर चढलास तर मात्र मी स्वतः येऊन खाली खेचीन. काल रात्री फोन केलास तेव्हा पहिल्यांदा मधे सरू लागली नाही. आता पत्रांची गरज उरली नाही असं तू म्हणालास. मला नाही पटलं. तू लिहीत जा, अक्षर अजून सातच्या वर गेलेलं नाही.

फुलपात्र तुमच्या मोरीवर पालथं राहिलं आहे, निघताना दिसलं होतं. मुद्दाम उचललं नाही. पुढच्या रविवारी येते तेव्हा तेच लागेल.

तुझीच अक्का,
यशोधरा